लेक व्हाइटफिश कधी गरवावा: सिमको सरोवरावर पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत

उत्तर आधीच सांगून टाकू. गोठलेल्या सरोवरावर लेक व्हाइटफिश गरवायचा असेल, तर सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतरच्या दोन तासांपर्यंतची वेळ सगळ्यात भरवशाची. त्याखालोखाल मावळतीआधीचे दीड-दोन तास. दोन्हींतली एकच वेळ जमणार असेल, तर डोळे झाकून सकाळ निवडा. भर दुपारीही मासा मिळतो, पण त्यासाठी जागा आणि खोली बदलावी लागते. ते कसं, हे पुढे येईलच.

कोकणात गरी टाकत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ‘वेळ’ म्हणजे भरती-ओहोटी. उधाण आहे की भांग, पाणी चढतंय की उतरतंय, हे पाहून तो घर सोडतो. सरोवरात हा हिशोब लागू पडत नाही. भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसतेच. इथे तिची जागा उजेड घेतो: तळापर्यंत किती उजेड पोचतोय, आणि तो वाढतोय की कमी होतोय. एवढं मनात पक्कं केलं की बाकीचं वेळापत्रक आपोआप जुळत जातं.

हे वेळापत्रक कॅनडातल्या सिमको सरोवराला धरून लिहिलं आहे. टोरांटोहून उत्तरेला गाडीने साधारण तासाभरावर असलेलं हे सरोवर 722 चौरस किलोमीटर पसरलेलं असून सगळ्यात खोल जागी 41 मीटर आहे. टोरांटो परिसरातल्या मराठी कुटुंबांना सुट्टीच्या दिवशी जाऊन-येऊन करता येईल असं व्हाइटफिशचं पाणी म्हणजे हेच.

मासा खातो काय, आणि केव्हा

लेक व्हाइटफिश हा सामनच्या कुळातला मासा. अंग चांदीसारखं, खवले मोठे, पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे शेपटीजवळ एक छोटासा मांसल पर. ओळखीची खरी खूण मात्र तोंड. नाकाडाच्या खाली दडलेलं, लहान आणि मऊ. वरचं नाकाड पुढे आलेलं, खालचा जबडा आत. या तोंडावरून दोन गोष्टी लगेच कळतात: मासा तळावरून वेचून खातो, आणि गळ जोरात ओढला तर तोंड फाटतं. याच पाण्यात सिस्को नावाचा दिसायला जवळचा मासा असतो. त्याचं तोंड अगदी टोकाला असतं, खाली वळलेलं नसतं. दोघांच्या मर्यादा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मासा ठेवण्याआधी तोंड जरूर पाहा.

तळावरच्या चिखलातल्या अळ्या, गोगलगायी, बारीक शिंपले आणि लहान मासे हे त्याचं खाणं. ग्रेट लेक्सच्या खोल पाण्यात मायसिस नावाचा, आपल्या जवळ्याएवढा आणि दिसायलाही तसाच जीव असतो. तो रात्री तळ सोडून वर येतो आणि उजाडताना पुन्हा खाली उतरतो. पहाटेच्या त्या वेळी तळाजवळ खाणं गोळा होत असतं, आणि ते दिसेल इतका उजेडही आलेला असतो. व्हाइटफिश नजरेने खातो. मिट्ट काळोखात त्याला बारीक आमिष नीट दिसत नाही. लख्ख उजेडात त्याला आमिष दिसतं, पण तंगूसही (गळाला बांधलेला पारदर्शक दोराही) दिसतो, आणि तो बिचकतो. झुंजूमुंजू आणि कातरवेळ या दोन टोकांच्या मधल्या वेळा आहेत.

सिमकोचं पाणी 1990च्या दशकात झेब्रा शिंपले पसरल्यानंतर बरंच निवळलं. पाणी जितकं नितळ, तितका उजेड खोलवर जातो आणि सकाळची चांगली वेळ तितकी लवकर संपते. विस्कॉन्सिन राज्याच्या कडेच्या ग्रीन बेमध्ये, जिथे पाणी गढूळ आणि मासा दाट आहे, तिथे व्हाइटफिश दिवसभर खाताना आढळतो. तिथल्या लोकांचा सल्ला सिमकोला जसाच्या तसा लावला, की दुपार रिकामी जाते.

आदल्या दिवशीची कामं

सिमकोवर व्हाइटफिशचा हिवाळी हंगाम 1 जानेवारी ते 15 मार्च. आउटडोअर्स कार्ड (प्रांत सरकारचं ओळखपत्र) आणि मासेमारीचा परवाना सोबत हवा. साध्या स्पोर्ट परवान्यावर दिवसाला दोन मासे, कॉन्झर्वेशन परवान्यावर एक. बर्फावर माणशी दोन दोर टाकता येतात. मात्र आपण दोरापासून 60 मीटरच्या आत असलं पाहिजे आणि दोर सतत नजरेसमोर हवा. नियम दरवर्षी छापून येतात. जायच्या आधी त्या वर्षीचं पत्रक उघडून वाचा.

तंगूसच्या गाठी घरीच मारून ठेवा. उणे पंधरा अंशांत, हातमोजे काढून, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात गाठ मारणं म्हणजे दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ वाया घालवणं. एका काठीला लागणारं सामान असं:

- 28 ते 36 इंची, मऊ टोकाची बर्फावरची काठी. टोकाला बारीक तारेची स्प्रिंग जोडता आली तर फार उत्तम.
- मुख्य दोर 6 पौंडी, विणीचा. 80 फुटांवर नायलॉन ताणला जातो आणि चावा हाताला कळत नाही. विणीचा दोर ताणला जात नाही.
- छोटी फिरती कडी, आणि तिच्याखाली 6 पौंडी फ्लुओरोकार्बनचा दोन-तीन फूट तंगूस. कडी विसरलात तर फिरणारं आमिष दोराला पीळ घालतं.
- पाव ते अर्ध्या औंसाचं आमिष: रबरी नळीचं ट्यूब जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), किंवा स्वीडिश पिंपलसारखा सडपातळ धातूचा चमचा. याहून हलकं असेल तर तळ गाठायला फार वेळ लागतो.
- चमच्याच्या एक फूट वर, आखूड फांदीवर (तंगूसला आडव्या बांधलेल्या तुकड्यावर) बारीक गळ आणि त्याला मेणकिड्याची अळी. ही ग्रीन बेची पद्धत. चमचा माशाला जवळ आणतो आणि मासा बहुतेक वेळा वरच्या अळीला लागतो.

काठ्या दोन घ्या आणि दोन्ही तयार ठेवा. पहाटे एकीचा गुंता झाला तर तो सोडवत न बसता दुसरी उचलायची.

बर्फ आधी, मासा नंतर

काचेसारखा पारदर्शक, नवा बर्फ निदान 10 सेंटिमीटर असेल तरच पायी जायचं. स्नोमोबाइलला निदान 15. दुधी, बर्फ-पाणी मिसळून गोठलेला थर साधारण निम्म्या ताकदीचा धरा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. कुक्स बे हा दक्षिणेचा उथळ उपसागर आधी गोठतो आणि मधलं खोल पाणी बरंच नंतर. आणि व्हाइटफिश नेमका खोल पाण्यात असतो, त्यामुळे काठावरचा बर्फ पाहून आत किती जायचं हे ठरवू नका. बर्फावरच्या मासेमारीच्या झोपड्या भाड्याने देणारे स्थानिक लोक रोज बर्फ मोजतात. आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्यांच्याच झोपडीत बसावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काळोखात चालायचं असल्यामुळे हातात पहार हवी. दर थोड्या पावलांवर ती पुढे आपटायची. पाणी आलं की आल्या वाटेने मागे. गळ्यात, पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे टोकदार दांडे, अंगात तरंगणारा सूट. झोपडीत किंवा तंबूत शेगडी पेटवणार असाल तर हवा खेळती ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावा.

पहाट: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस

या दिवसांत सिमकोवर सूर्य साधारण 7:40ला उगवतो. फटफटायला त्याच्या अर्धा तास आधी, 7:10च्या सुमाराला सुरुवात होते. म्हणजे सात वाजता दोर पाण्यात असायला हवा. तिथून उलटं मोजत या. भोकं पाडणं, त्यातला चुरा उपसणं, तंबू उभा करणं, सोनार (तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावणं या सगळ्याला पाऊण तास जातो. म्हणून सव्वासहाला जागेवर, पावणेसहाला काठावरून निघालेले, आणि टोरांटोहून येणार असाल तर घरातून साडेचारला बाहेर.

नवखे हमखास चुकतात ते इथेच. सातला काठावर पोचतात, पावणेआठला बर्फात ड्रिल घरघरत असतं, आणि आठला पहिला दोर खाली जातो. तोवर तासाभराची सर्वोत्तम वेळ गेलेली असते. शिवाय खाली जमलेला कळप ड्रिलच्या आवाजाने पांगतो. भोकं काळोखातच पाडा. आठ इंची भोक पुरतं. एका जागी दोन पाडून थांबू नका. उताराच्या रेषेत पाच-सहा पाडून ठेवा: पहिली दोन 50 ते 60 फुटांवर, पुढची 70वर, शेवटची 80-90वर. दुपारी हीच भोकं उपयोगी पडतात.

पहाटे सुरुवात उथळ बाजूने, 50-60 फुटांपासून. आमिष तळाला टेकवा, मग हलकेच दोन-तीनदा आपटा. तळाचा गाळ उडतो आणि त्याचा छोटासा ढग होतो. खाली खाणारा एखादा मासा तळ उकरतोय असं दुरून दिसतं, आणि बाकीचे मासे बघायला येतात. मग आमिष तळापासून चार ते आठ इंच उचलून स्थिर धरा. दहा-पंधरा सेकंद काही करू नका. पुन्हा आपटा, पुन्हा थांबा. लेक ट्राउट गरवणारे लोक आमिष चार-पाच फूट उचलतात. ती सवय इथे नडते. व्हाइटफिश तळ सोडून फार वर येत नाही, आणि चावतो तो आमिष थांबलेलं असताना.

चावा असा येतो: काठीला धक्का बसत नाही. टोकाची स्प्रिंग आमिषाच्या वजनाने किंचित वाकलेली असते, ती अचानक सरळ होते. माशाने तळाजवळचं आमिष तोंडात घेऊन वर उचललेलं असतं, त्यामुळे दोर ढिला पडतो. हा क्षण एका सेकंदाचा असतो. स्प्रिंग सरळ झाली की मनगट वर घ्या, झटका न देता, दोर ताठ होईपर्यंत. हिसका मारला की मऊ ओठ फाटतो आणि दोर हलका होऊन वर येतो.

रिळाचा ड्रॅग (दोर सुटायला होणारा अडसर) इतका ढिला हवा की मासा खाली पळताना दोर सहज सुटावा. एका गतीने वर घ्या, घाई नको. मासा भोकाजवळ येण्याआधी पाण्यातून बुडबुडे वर येताना दिसतील. व्हाइटफिशच्या हवेच्या पिशवीतून घशाकडे एक नळी असते, आणि वर येताना तो हवा सोडतो. बुडबुडे दिसले की मासा जवळ आला हे समजा. रिळ थांबवा आणि त्याचं डोकं भोकाच्या तोंडाशी सरळ आणा. बरेच मासे निसटतात ते याच शेवटच्या दोन फुटांत, भोकाच्या कडेला गळ घासून.

एक मासा लागला तर दोर ताबडतोब पुन्हा खाली सोडा. व्हाइटफिश कळपाने फिरतो आणि कळप भोकाखालून काही मिनिटांत निघून जातो. पहिल्या माशाचे फोटो काढत बसलात तर दुसरा मासा गेलेला असतो. पहाटेच्या थंडीत काठीच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो आणि दोर सुटत नाही. दर काही मिनिटांनी टोक भोकातल्या पाण्यात बुडवून कड्या मोकळ्या करा.

साडेनऊनंतर

साधारण साडेनऊ-दहाच्या सुमाराला चावे विरळ होतात. इथे बरेचजण चहा काढतात आणि त्याच भोकावर आशेने बसून राहतात. त्यापेक्षा उठा. उजेड वाढला की मासा अधिक खोल, अंधाऱ्या पाण्याकडे सरकतो, असं धरून सकाळी पाडलेल्या 70 आणि मग 80-90 फुटांच्या भोकांवर जा. प्रत्येक भोकाला वीस मिनिटं. सोनारवर तळाला चिकटलेली रेघ दिसली आणि ती आमिषाकडे येऊन परत फिरली, तर आमिष लहान करा. चमच्याऐवजी पाव औंसाचं जिग, भडक रंगाऐवजी तपकिरी किंवा करडा, आणि आपटणं थांबवून केवळ हलकी थरथर.

आकाश आणि बर्फावरचा हिम या दोन गोष्टींवर दुपारचं गणित अवलंबून आहे. जानेवारीच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर असतो. बर्फावर वीत-दीड वीत भुसभुशीत हिम असेल तर बहुतेक उजेड वरच अडतो, आणि खाली दुपारीही संधिप्रकाशच असतो. अशा दिवशी सकाळ अकरापर्यंत लांबते. याउलट वाऱ्याने हिम झाडून नेलेलं असेल, बर्फ काळा नितळ असेल आणि ऊन पडलेलं असेल, तर नऊलाच सगळं शांत होऊ शकतं. म्हणून काठावर पाय ठेवल्यावर आधी खाली पाहा: पायाखाली काय आहे त्यावरून दिवसाचा आराखडा बांधा. नितळ बर्फ असेल तर तंबू लावाच, आणि भोकाभोवती हिम ओढून घ्या, म्हणजे तुमची सावली आणि हालचाल खाली दिसणार नाही.

हवेच्या दाबावर खूप बोललं जातं. हिमवादळ येण्याआधीच्या ढगाळ तासांत चावे बरे मिळतात हा अनेक जुन्या लोकांचा अनुभव, पण त्यातला किती भाग दाबाचा आणि किती उजेड कमी झाल्याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. आम्ही ढग बघतो, दाबमापक नाही.

दुपार कलल्यावर

मावळती सव्वापाचच्या आसपास. तीन वाजता पुन्हा उथळ बाजूला यायला सुरुवात करा. भोकांवर साय धरलेली असते. ती आधी मोडा, नव्याने ड्रिल चालवू नका. सकाळची उतरण इथे उलटी होते: 80, मग 70, मग 60. शेवटच्या तासात सकाळच्याच भोकावर, सकाळच्याच पद्धतीने. फरक एवढाच की सकाळी उजेड हळूहळू वाढत जातो आणि चांगला काळ रेंगाळतो. संध्याकाळी सगळं शेवटच्या चाळीस मिनिटांत दाटतं. अंधार पडल्यावर हिवाळ्यात व्हाइटफिशची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. तेव्हा तळावर बर्बट हा निशाचर मासा फिरू लागतो. परतीची वाटही काळोखाची असते, म्हणून सामान मावळतीलाच आवरा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. शनिवारी 6:40च्या सुमाराला उगवलेला सूर्य रविवारी घड्याळात 7:40ला उगवतो. माशाचं काही बदललेलं नसतं. हंगामाच्या त्या शेवटच्या आठवड्यात घड्याळ नव्हे, सूर्योदयाचा तक्ता बघून निघा. आणि त्या दिवसांत बर्फ सकाळी टणक वाटला तरी दुपारी काठाजवळ सुटतो. तेव्हा फक्त सकाळ करा आणि दुपारच्या आत जमिनीवर या.

बर्फ नसताना

उन्हाळ्यात व्हाइटफिश थंड पाणी शोधत खोल जातो. सिमकोवर मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून 30 सप्टेंबरपर्यंत तो धरता येतो. इथेही सकाळच चांगली, आणि त्याला आणखी एक साधं कारण आहे: वारा. 80-90 फुटांवर आमिष तळाशी सरळ उभं ठेवायचं तर होडी स्थिर हवी. नऊनंतर वारा उठला की दोर तिरका होतो आणि आमिष तळापासून कधी सुटलं ते कळतही नाही.

उत्तरेकडच्या काही थंड सरोवरांवर जून-जुलैत मेफ्लाय किडे पाण्यातून बाहेर पडतात, तेव्हा हाच तळाचा मासा संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन ते टिपतो. तिथे सकाळ विसरा. पाणी निवांत झालं की सूर्यास्तापासून अंधार पडेपर्यंत 12 किंवा 14 नंबरच्या गळाची तरंगती नकली माशी टाका.

शरद ऋतूचा हिशोब सगळ्यात वेगळा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत व्हाइटफिश अंडी घालायला खडकाळ उथळ पाण्यात येतो, आणि हे काम तो रात्री करतो. सिमको तेव्हा व्हाइटफिशसाठी बंद असतं, आणि ते योग्यच आहे. इथला व्हाइटफिश सरकारी मत्स्यबीज केंद्रांतून पिल्लं सोडून टिकवलेला आहे. पण मिशिगन सरोवरावर, मॅनिस्टी किंवा फ्रँकफोर्टसारख्या गावांच्या धक्क्यांवर, तेव्हा मासा काठाशी येतो. तिथे दिवेलागणीपासून रात्रीचे पहिले काही तास, आणि पुन्हा पहाट. अर्ध्या ते एक औंसाचं शिसं तळाला, वर फूटभर तंगूसवर बारीक गळ आणि त्यात सामनचं एकच अंडं. लाटा मोठ्या असतील तर धक्क्यावर जाऊ नका. गोठलेल्या काँक्रीटवरून पाय घसरला तर वर यायला जागा नसते.

ठेवायचा मासा पकडल्याबरोबर कल्ल्याशी कापून रक्त काढा आणि हिमात पुरा. उघड्यावर वाऱ्यात ठेवला तर कातडी बर्फाला चिकटते आणि खवले काढताना मांस फाटतं. मांस पांढरं, तेलकट आणि पापुद्र्यांचं आहे. तव्यावर उलटताना मोडतं. तुकड्या जाड काढा, हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवा, आणि एक बाजू पूर्ण खरपूस झाल्याशिवाय उलथन्याला हात लावू नका. सप्टेंबरात धरलेल्या मादीच्या पोटात पिवळसर गाभोळी भरत आलेली असते. ती वेगळी काढून मंद आचेवर तळा.